कोऱ्या उत्तराचा अर्थ

1873 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने वकिलांना डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. चिठ्ठी ओली करायची आणि निवाड्यांच्या ग्रंथात त्या त्या निकालाशेजारी समासात चिकटवायची. या निकालाचा आधार पुढे कुठल्या निकालांत घेतला गेला, ते तिच्यावर असे. चिठ्ठ्यांचे पुढे जाडजूड ग्रंथ झाले. त्यांत एकेका अक्षराची खूण असे: निकाल कायम राहिला, वेगळा ठरवला गेला की मोडीत निघाला. कोर्टात उभे राहण्याआधी दाखला 'शेपर्डाइज' केला का, असे तिथले वकील विचारू लागले. माणसाच्या नावाचे क्रियापद झाले.

इतकी जुनी सोय असलेल्या धंद्यातच 2023 मध्ये फजिती व्हावी, हे विशेष. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल दाखल केले. त्यांतल्या एका वकिलाने ते खरे आहेत का असे विचारलेही होते, पण चॅटजीपीटीलाच. ज्याने दाखला रचला त्याच्याचकडून ग्वाही घेतली. 5,000 डॉलर दंड झाला.

आता एआय एजंटांना शोधनिबंधांचे संदर्भ तपासायला वेगळी साधने दिली जात आहेत, ती याच कारणासाठी. यंत्राने आपल्या आठवणीवर न विसंबता बाहेरच्या नोंदवहीत पाहावे. कल्पना चांगलीच आहे, आणि वाटते तितकी नवी नाही.

शेपर्डच्या कंपनीत पूर्वी उपाध्यक्ष असलेले विल्यम अडेअर यांनी 1953 मध्ये यूजीन गारफील्ड या तरुणाला पत्र लिहून ही वकिली पद्धत कळवली. गारफील्ड तेव्हा वैद्यकीय लेखांच्या सूचीकरणावर काम करत होते. 1955 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी विज्ञानासाठी अशी सूची मांडली. हेतू स्पष्ट होता: जुन्या लेखावर पुढे काय टीका झाली हे संशोधकाला कळावे, आणि खोटी, अपुरी, कालबाह्य माहिती डोळे झाकून उद्धृत होणे थांबावे. 1961 सालच्या साहित्यावरची पहिली मोठी सूची 1963 मध्ये निघाली. 613 नियतकालिके, सुमारे 14 लाख संदर्भ.

पण या स्थलांतरात शेपर्डचे अक्षर गळाले. कोणी कोणाला उद्धृत केले एवढे उरले, मान्य करून केले की खोडून काढायला केले ते गेले. अक्षर नसले की मोजणे सोपे होते. तपासण्यासाठी काढलेली सूची पुढे बढत्या आणि अनुदाने ठरवण्याचे माप झाली. त्याचे दुष्परिणाम आपल्याकडच्या प्राध्यापकांना वेगळे सांगायला नकोत.

खोट्या संदर्भांचे खापर सगळे एआयवर फोडणेही बरोबर नाही. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांना संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला नमुन्यात एक काल्पनिक लेख घातला होता. वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवरचा, साल 2000. तो लेख नाही, ते नियतकालिकही नाही. तरी नामांकित सूचीत त्याचे सुमारे 400 दाखले निघाले. 2003 मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी संदर्भांतल्या छपाईच्या चुका कशा जशाच्या तशा पुढे सरकतात यावरून अंदाज बांधला, की उद्धृत करणाऱ्यांपैकी जेमतेम 20 टक्के मूळ लेख वाचतात. नकलेची नक्कल आपल्यालाच आधी येत होती. यंत्राने वेग दिला.

मग आजच्या साधनाबद्दल नवे काय? त्याची माहितीपुस्तिका. पूर्वी ती माणूस वाचत असे, किंबहुना वाचत नसे आणि अडल्यावर शेजाऱ्याला विचारत असे. एजंट मात्र साधनाचे वर्णन खरोखरच वाचतो आणि साधन केव्हा वापरायचे, उत्तराचा काय अर्थ लावायचा, हे बरेचसे त्या चार ओळींवरून ठरवतो. 'शोधनिबंधाचे तपशील मिळवते' एवढेच लिहिले, तर तो तेवढेच समजेल.

क्रॉसरेफचे उदाहरण घ्या. ही संस्था 2000 साली सुरू झाली. प्रकाशक तिच्याकडे लेखांचे डीओआय, म्हणजे कायमचे ओळखक्रमांक, नोंदवतात आणि कोणताही प्रोग्रॅम तिथे विचारणा करू शकतो. आपला ईमेल पत्ता कळवला तर विचारणा 'सभ्य' रांगेत घेतली जाते. यंत्रांच्या जगात नाव सांगून दार वाजवण्याची ही रीत आम्हाला आवडते. पण तिथे पूर्ण संदर्भ मजकूर म्हणून टाकला, की उत्तरात जवळपास जुळणाऱ्या नोंदींची क्रमवार यादी येते. न लिहिल्या गेलेल्या लेखाचे नाव टाकले तरी त्याच्या जवळपासचे काहीतरी बहुधा वर येतेच. पहिली नोंद हेच उत्तर असे एजंटाने धरले, तर खोट्या संदर्भाला खरा डीओआय चिकटतो, आणि मग तो पकडणे आणखी कठीण. शीर्षक, लेखक, साल तिन्ही जुळल्याशिवाय होकार समजू नये, हे वर्णनातच लिहायला हवे. लेख मागे घेतला गेला आहे का, तेही उत्तरात यावे. 2023 मध्ये क्रॉसरेफने मागे घेतलेल्या लेखांची रिट्रॅक्शन वॉचची नोंद विकत घेऊन खुली केली आहे. शेपर्डचे गळालेले अक्षर निदान एका बाबतीत परत आले.

उलट बाजू आम्हाला जास्त सलते. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची 1943 मध्ये प्रसिद्ध केली, पुढचा खंड 1961 मध्ये. मराठी अभ्यासकाला आजही ती लागते. तिच्यातल्या पुस्तकांना, जुन्या त्रैमासिकांतल्या बहुतेक लेखांना डीओआय नाही. एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंधाची संदर्भसूची अशा एजंटाकडून तपासून घेतली, तर या पुस्तकांपुढे आणि लेखांपुढे कोरे उत्तर येईल. 'सापडले नाही' म्हणजे 'या नोंदवहीत नाही', एवढे वाक्य वर्णनात नसेल तर एजंट त्या ओळीपुढे 'बनावट असण्याची शक्यता' असा शेरा मारून मोकळा होईल, आणि ग्रंथालयाच्या कपाटातले पुस्तक हातात घेऊन मार्गदर्शकाकडे जाण्याची वेळ तिच्यावर येईल.