बंदुकीचा खेळ आणि पेटीतले सोरट

विद्यार्थिमित्रहो, उमरगा तालुक्यातल्या आपल्या मुरुमसारख्या गावात आज मोबाईलवरचा बंदुकीचा खेळ कोणाला नवा राहिलेला नाही. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, आणि शेवटी उरेल तो जिंकतो. या खेळाविषयी शाळेत दोन मते ऐकू येतात. शिक्षक म्हणतात, हा वेळेचा नाश आहे. विद्यार्थी म्हणतात, यात काय बिघडले, खेळच तर आहे! मी स्वतः हे खेळ आवडीने खेळणारा आहे. माझे मत या दोन्हींहून थोडे वेगळे आहे. खेळ उत्तम आहे. पण त्याच्याभोवती जे दुकान मांडले आहे, ते डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. खेळ कोठे संपतो आणि दुकान कोठे सुरू होते, हे ज्याला कळले तो निम्मी लढाई जिंकला.

प्रथम खेळाची बाजू पाहू. तुम्ही मुरुममध्ये बसून गोळी झाडता, ती दुसऱ्या राज्यातल्या खेळाडूला लागते, हे घडते कसे? तुमचा फोन गोळी मारत नाही. तो फक्त निरोप पाठवतो. निकाल देतो तो दूरचा एक संगणक, म्हणजे सर्व्हर. हा सर्व्हर मुंबईत आहे असे समजा. मुरुम ते मुंबई सरळ अंतर सुमारे 400 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन 800 किलोमीटर, म्हणजे 4 मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असेल तर अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर, आणि जाऊन-येऊन किमान 35 मिलिसेकंद. प्रत्यक्षात तारा वळणे घेत जातात, वाटेत यंत्रे थांबवतात, टॉवरवर गर्दी असते. म्हणून पडद्यावर दिसणारा ‘पिंग’चा आकडा याहून बराच मोठा असतो.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? सेकंदाला 5 मीटर वेगाने धावणारा खेळाडू 100 मिलिसेकंदांत अर्धा मीटर पुढे सरकतो. अर्धा मीटर म्हणजे माणसाच्या अंगाची रुंदी! तुम्हाला तो समोर दिसतो, पण सर्व्हरच्या हिशेबी तो तेथून निघून गेलेला असतो. यावर प्रोग्रॅमरांनी एक सुंदर युक्ती काढली. गोळीचा निरोप आला की सर्व्हर काळ थोडा मागे फिरवतो, तुम्ही चाप ओढला त्या क्षणी तुमच्या पडद्यावर कोण कोठे होते ते पाहतो, आणि मग निकाल देतो. म्हणूनच कधीकधी भिंतीआड पोचल्यावरही आपल्याला गोळी लागलेली दिसते. त्यात समोरच्याची लबाडी असतेच असे नाही. दोन वेगळ्या वेळा एका न्यायालयात जुळवल्याचा तो परिणाम असतो. वेग, अंतर, अंदाज आणि सोबत्यांशी मेळ, एवढ्या गोष्टी ज्या खेळात लागतात त्याला ‘निव्वळ चाळा’ म्हणणे मला पटत नाही.

बंदुकीने मुले हिंसक होतात, या भीतीविषयीही थोडे बोलू. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 साली आपले मत पुन्हा मांडले. अशा खेळांचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी थोडासा संबंध आढळतो. पण खऱ्या हिंसाचाराचे कारण हे खेळ आहेत असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे तिने सांगितले. तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे की, सगळी चर्चा बंदुकीपाशी थांबवू नये. खरी मेख दुसरीकडे आहे.

ती मेख किमतीत आहे. 1993 च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘डूम’ नावाचा बंदुकीचा खेळ आला. त्याचा पहिला भाग फुकट होता. आवडला तर पैसे भरून उरलेले भाग घ्यायचे, आणि मग व्यवहार संपला. गिऱ्हाइकाला किंमत आधीच ठाऊक होती. 2006 साली एका प्रसिद्ध खेळात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवले, तेव्हा खेळाडूंनी त्याची थट्टा केली. आज मात्र तोच धंद्याचा मुख्य रस्ता झाला आहे. खेळ फुकट, पोशाख, बंदुकीचा रंग आणि हंगामाचा पास मात्र विकत. येथवरही माझी फारशी तक्रार नाही. सर्व्हरला वीज लागते, प्रोग्रॅमरांना पगार लागतो. आणि ज्याला रंगीत पोशाख हवा त्याने पैसे द्यावेत, हे न्याय्य आहे. तक्रार आहे ती पेटीविषयी. पैसे आधी द्यायचे, आत काय आहे ते नंतर कळणार!

मित्रहो, जत्रेत किंवा शाळेसमोरच्या दुकानात तुम्ही सोरट पाहिले असेल. ही पेटी म्हणजे पडद्यावरचे सोरटच. त्याचे गणित करून पाहू. समजा, हवा असलेला पोशाख निघण्याची शक्यता 1 टक्का आहे आणि एका पेटीला 20 रुपये पडतात. पुष्कळांना वाटते, 100 पेट्या उघडल्या की पोशाख मिळणारच. तसे नाही. एका पेटीत तो न मिळण्याची शक्यता 0.99, शंभर पेट्यांत एकदाही न मिळण्याची शक्यता 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे 0.37. याचा अर्थ, प्रत्येकी 2000 रुपये घालवलेल्या 100 मुलांपैकी 37 मुले रिकाम्या हातांनी परततील. प्रत्येकाने 300 पेट्या उघडल्या तरी 5 जण कोरडेच राहतील. काही खेळ ठराविक पेट्यांनंतर वस्तू हमखास देतात. तेथे त्या सर्व पेट्यांची बेरीज हीच वस्तूची जास्तीत जास्त किंमत धरावी.

तरीही हात थांबत नाही, तो का? मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर प्रयोग केले होते. किती टोचांनंतर दाणा मिळेल हे ठरलेले नसले, तर पक्षी अधिक नेटाने टोचत राहतो. आणि दाणा बंद झाल्यावरही लवकर थांबत नाही. पेटीचा चकचकाट, उघडण्यापूर्वीचा तो थरथराट, थोडक्यात हुकल्याचा भास, हे सारे याच स्वभावाला चुचकारण्यासाठी रचलेले असते. म्हणून हरलेल्या मुलाला ‘तुला अक्कल नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यासमोर मोठ्या माणसांनी विचारपूर्वक बनवलेले यंत्र आहे.

जगाने याची दखल घेतली आहे. चीनने 2017 साली शक्यतेचे आकडे जाहीर करणे सक्तीचे केले. बेल्जियमने 2018 साली पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगाराचा कायदा लावला. आपल्याकडे 2023 साली ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ हा खेळ बंदीनंतर परत आला, तेव्हा 18 वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला 3 तासांची मर्यादा घातली गेली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. हे योग्यच झाले. पण पेटीतून पैसे निघत नाहीत, रंग निघतो. म्हणून तिचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागेल.

दुसरा प्रश्न मालकीचा. बॅट विकत घेतली की ती घरी राहते. कंपनी बुडाली तरी ती मोडत नाही. ऑनलाइन खेळाचे तसे नसते. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली. त्यात ‘पबजी मोबाईल’ होता. वर्षानुवर्षे जमवलेले पोशाख एका आदेशाने दिसेनासे झाले. ‘काँकॉर्ड’ हा बंदुकीचा खेळ 23 ऑगस्ट 2024 रोजी आला आणि 6 सप्टेंबरला बंद झाला. अवघे दोन आठवडे! तेथे पैसे तरी परत मिळाले. ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ 31 मार्च 2024 रोजी सर्व्हरसह बंद झाला, आणि पैसे मोजून घेतलेली प्रतही निकामी झाली. माझे स्पष्ट मत असे की, कंपनीला सर्व्हर चालवणे परवडत नसेल, तर खेळाडूंनी आपल्या खर्चाने खेळ चालू ठेवण्याची सोय तिने मागे ठेवावी.

हे खेळ आता दूरदेशीच बनतात असे नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ‘इंडस’ हा आपला बंदुकीचा खेळ 2024 साली आणला. उद्या तुमच्यापैकी कोणी मुरुमहून पुण्याला जाऊन असाच खेळ बनवील. त्याचे कौतुक अवश्य व्हावे. पण खेळ स्वदेशी आहे म्हणून पेटीचे गणित बदलत नाही. मापटे सर्वांना एकच हवे.

शेवटी एक प्रयोग सुचवतो. एका डब्यात 100 चिठ्ठ्या टाका, एकीवर खूण करा. वर्गातल्या प्रत्येकाने चिठ्ठी काढावी, पाहावी, परत टाकावी आणि डबा हलवावा. खुणेची चिठ्ठी कितव्या वेळी निघाली ते फळ्यावर लिहा. असा प्रयोग पाच-सहा वेळा करा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा. गुरुजनांनी या तासाला ‘खेळू नका’ असा उपदेश करू नये. आकड्यांना बोलू द्यावे. त्यानंतर ज्याला खेळायचे त्याने खुशाल खेळावे, नेम धरावा, सोबत्याला वाचवावे, आणि वेळ संपली की फोन ठेवून द्यावा. पेटी समोर आली तर मात्र आधी शक्यतेचा आकडा शोधावा. तो सापडला नाही तर पेटी उघडू नये.