शूर कोणाला म्हणायचं?
शौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोडा आणि तलवार येते; मला पंडिता रमाबाई आठवतात. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या बाई. वादात भल्याभल्यांना गप्प करतील अशी त्यांची विद्वत्ता. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात निराधार मुली शोधत हिंडल्या आणि शेकडो जणींना घेऊन परतल्या. या मुलींना जवळ घेणं सोपं नव्हतं. हाडांचे सापळे झालेले, अंगावर फोड, केसांत उवा, माणसांवरचा विश्वास पार उडालेला. त्यांना न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, रात्री दचकून उठल्या की थोपटायचं, आणि हे रोज, न चिडता करायचं, याला छातीच लागते. भूक रमाबाईंना पुस्तकातून कळली नव्हती. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते. १८८३ साली बाप्तिस्मा घेतला म्हणून स्वकीयांनी त्यांना किती बोल लावले! त्या कटुतेचा एक थेंबही त्यांनी केडगावच्या ‘मुक्ती’ या आपल्या आश्रमात झिरपू दिला नाही. ख्रिस्ती चारित्र्य मी यालाच म्हणते. आणि कृपा करून या मृदुपणाला कोणी भिडस्तपणा समजू नये. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची परवड होते आहे हे दिसताच याच रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहून इंग्रज सरकारला जाब विचारला.