चित्रगृह राखावयाचे, तर आधी त्याची जमीन राखावी

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावातून जुन्या चित्रगृहांच्या जतनाविषयी कोणी मत मांडावे, हे शहरातील वाचकास काहीसे अनधिकाराचे वाटण्याचा संभव आहे. कारण पुसेगाव म्हटले की बहुतेकांना सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे साताऱ्याकडील पुसेगाव आठवते, आणि सेनगाव तालुक्यातील आमचे गाव हळद-सोयाबीनच्या बाजारभावांपलीकडे क्वचितच कोणाच्या चर्चेचा विषय होते. परंतु तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या टॉकीजा चालल्या, त्या बऱ्याच अंशी खेड्यांतील माणसांच्या बळावर चालल्या. आठवडी बाजाराला आलेला शेतकरी, कोर्टातील तारखेसाठी आलेला पक्षकार, दवाखान्यात माणूस दाखल करून बाहेर तिष्ठत बसलेला आप्त, लग्नाचा बस्ता बांधण्यास आलेले कुटुंब, अशांनी शेवटची एस. टी. सुटण्यापूर्वी जो एखादा खेळ पाहिला, त्याच्याच उत्पन्नातून त्या इमारतींच्या बाल्कन्या उभ्या राहिल्या. तेव्हा शहरातील टॉकीजचे पुढे काय व्हावे, या प्रश्नात खेड्यालाही बोलण्याचा हक्क पोहोचतो.

चित्रपट आमच्यापर्यंत आला तो तंबूतून. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत फिरत्या टॉकीजांनी जत्रा-उरुसांची वाट धरली. मैदानावर कनाती उभ्या राहत, मध्ये पडदा बांधून एका अंगास स्त्रिया व दुसऱ्या अंगास पुरुष बसत, आणि रात्री उशिरापर्यंत यंत्राची घरघर गावास ऐकू येई. १९३६ सालच्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला प्रेक्षक पायांतील जोडे बाहेर काढून बसत, असे जुनी मंडळी सांगत; संत नामदेवांची नरसी ज्या जिल्ह्यात आहे, तेथील माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पुढे तंबूची जागा पक्क्या इमारतींनी घेतली आणि तिकिटाच्या दराखेरीज दुसरा भेद न मानणारे एक सार्वजनिक स्थान या प्रदेशास लाभले. गावच्या पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर ज्याला अंतर राखून उभे राहावे लागे, तो माणूस टॉकीजच्या पिटात पैसे मोजून हव्या त्या बाकावर बसला. दिवे मालवल्यानंतर शेजारी कोण बसला आहे, याची चौकशी करण्याचे कोणास प्रयोजन उरले नाही. या इमारतींचे खरे मोल त्यांच्या कमानींत व गिलाव्यात जेवढे आहे, त्याहून अधिक या इतिहासात आहे.

आज चित्रपट प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनीत आला आहे, म्हणून टॉकीजचे कार्य संपले, असा युक्तिवाद केला जातो. चित्रपट आला हे खरे, परंतु एकत्र बसणे त्याबरोबर आले नाही. आमच्याकडील लहान शहरांत शाळेचे स्नेहसंमेलन मंगल कार्यालयाचे भाडे भरून करावे लागते, शाहिरीचा कार्यक्रम पावसाळ्यात रद्द होतो, हौशी नाट्यसंस्थेला तालमीस जागा मिळत नाही. आणि त्याच गावात काही शे माणसे बसू शकतील असे, छप्पर शाबूत असलेले, ध्वनीचा विचार करून बांधलेले सभागृह कुलूप लावून पडलेले असते. ही विसंगती ज्यांना बोचत नाही, त्यांनी सांस्कृतिक ऱ्हासाविषयी भाषणे करू नयेत.

टॉकीजा बंद का पडल्या, याचे सामान्यतः दिले जाणारे उत्तर ‘प्रेक्षक उरला नाही’ असे आहे. ते अर्धसत्य आहे. रिळांच्या पेट्या जाऊन अंकीय प्रक्षेपण आले, त्याच्या यंत्रसामग्रीचा भार लहान मालकास पेलला नाही, हे खरे. करांचा बोजाही दीर्घकाळ जड होता, आणि शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. परंतु मुख्य कारण त्या इमारतीखालील जमिनीत आहे. एके काळी गावाच्या वेशीवर बांधलेली टॉकीज आज भर बाजारपेठेत आली आहे, आणि तेथील एका गाळ्याच्या पागडीत वर्षभराच्या खेळांचे उत्पन्न बुडून जाते. पुण्यातील मंडईजवळचे आर्यन चित्रगृह, ज्याने १९१५ पासून त्या शहराला सिनेमा दाखविला, ते १९८३ मध्ये जमीनदोस्त झाले आणि त्या जागी वाहनतळ आला. मुंबईसारख्या शहरांत चित्रगृह पाडून नवी इमारत बांधताना तीत लहानसे प्रेक्षागृह राखण्याचे बंधन नगररचनेच्या नियमांनी घातलेले आहे; हेतू स्तुत्य, परंतु चालविणाऱ्याची काही सोय न करता केवळ बंधन घालणे म्हणजे बैल गेल्यावर दावे जपण्यासारखे आहे, आणि अशा बंधनातून मालकाला चित्रगृह चालविण्यापेक्षा नुसते बंद ठेवणेच परवडते.

याच्या उलट उदाहरण मुंबईतच लालबाग-परळ येथे सापडते. तेथील भारतमाता हे गिरणगावाचे चित्रगृह, मराठी चित्रपटांचे हक्काचे घर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने ज्यांचे संसार उद्ध्वस्त झाले, त्या गिरणीकामगारांनी ते स्वस्त तिकिटाच्या आधाराने जगविले. परंतु त्याची जमीन होती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. पट्ट्याची मुदत सरल्यावर जागा रिकामी करण्याचा तगादा लागला, वाद न्यायालयात गेला, आणि मराठी चित्रसृष्टीतील कलावंत व परिसरातील रहिवासी यांनी रस्त्यावर येऊन आवाज उठविला, तेव्हा ते वाचले. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचेही असेच: १९९३ मध्ये बंद पडलेली ती वास्तू गोंडलच्या राजघराण्याने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून जीर्णोद्धारित करवून २०१६ मध्ये पुन्हा खुली केली. एका ठिकाणी लोकांचा रेटा होता, दुसऱ्या ठिकाणी संपन्न मालक होता. आमच्या जिल्ह्यातील टॉकीजला दुसऱ्याची आशा नाही. पहिल्याची व्यवस्था मात्र करता येईल.

सार्वजनिक मालकी आली की सर्व दुखणी बरी होतात, अशा भ्रमात कोणी राहू नये. छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले कोल्हापूरचे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, महानगरपालिकेच्या ताब्यात असतानाच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्याच्या पुनर्बांधणीचा निर्णय तत्काळ झाला, तो लोकांच्या शोकाचा व संतापाचा परिणाम. तथापि विद्युत्-तपासणी व अग्निसुरक्षा यांवर वेळीच केलेला खर्च पुनर्बांधणीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, हा त्या घटनेचा धडा प्रत्येक नगरपरिषदेने दप्तरी नोंदवून ठेवावा.

परदेशांत चित्रगृहे सार्वजनिक साहाय्याने राखण्याची रीत बसलेली आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के उपकर घेऊन तो राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जमा केला जातो व त्यातून चित्रगृहांना साहाय्य मिळते. शिवाय १९९२ च्या एका कायद्याने स्थानिक संस्थांना लहान चित्रगृहांस अनुदान देण्याची मुभा दिली आहे. इंग्लंडमधील लीड्स येथील हाइड पार्क पिक्चर हाऊस १९१४ सालचे, गॅसच्या दिव्यांचे. ते बंद पडण्याच्या बेतात असता १९८९ मध्ये तेथील नगरसंस्थेने हाती घेतले, आणि दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. या दोन्ही देशांत घराघरांत दूरचित्रवाणी आपल्यापूर्वी पोहोचली होती, तरीही तेथे चित्रगृहे राखण्याजोगी मानली गेली.

आता आक्षेप असा येईल, की जेथे शाळांची छपरे गळतात आणि शेतकरी कर्जाने गांजलेला आहे, तेथे टॉकीजवर सरकारी पैसा खर्चावा काय? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच नित्याच्या तोट्यासाठी एक छदामही मागू नये, असे आमचे मत आहे. मागणी एवढीच, की नगरपरिषदेने मालकाशी वाजवी भाड्याचा तीस वर्षांचा पट्टा करावा, दर्शनी भागातील गाळ्यांचे उत्पन्न मालकास मोकळेपणाने घेऊ द्यावे, आणि प्रेक्षागृह १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या स्थानिक विश्वस्त मंडळाच्या हवाली करावे. छप्पर, वायरिंग, अग्निशमन आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे यांपुरता एकरकमी निधी जिल्हा नियोजन समितीने द्यावा. १९५३ च्या चित्रगृहविषयक कायद्यान्वये परवान्याचा अधिकार जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे. त्यांनी सिनेमाबरोबर नाटक, कीर्तन, शाहिरी, शेतीविषयक व्याख्याने व शालेय कार्यक्रम यांस एकाच सुलभ परवानगीने वाव द्यावा. विश्वस्तांनी दरवर्षी जमाखर्च त्याच सभागृहात जाहीरपणे वाचून दाखवावा, आणि पाच वर्षांत संस्था स्वतःच्या पायावर उभी न राहिल्यास पट्टा रद्द करून मालमत्ता मालकास परत द्यावी. इतक्या अटी घालूनही जो प्रयोग टिकेल, तोच टिकण्यास पात्र.

हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या नगरपरिषदांनी, तसेच सेनगाव व औंढा नागनाथ येथील नगरपंचायतींनी, आपापल्या हद्दीत उभ्या असलेल्या वा बंद पडलेल्या चित्रगृहांची मोजदाद याच वर्षी करून ती लोकांपुढे ठेवावी. कोणती इमारत राखण्याजोगी आहे आणि कोणती नाही, हे त्यानंतर ठरविता येईल; परंतु एकदा का खरेदीखत होऊन फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर बांधकाम व्यावसायिकाचे नाव चढले, की सभा, ठराव आणि अग्रलेख यांपैकी कशाचाही उपयोग होणार नाही. मोजदाद करण्यास खर्च येत नाही. तेव्हा ती न करण्यास कोणतीही सबब चालू शकत नाही.