'पोर्ट गेलाय' म्हणजे नक्की काय गेलंय?

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने तोंडातून काढू नये असं एक वाक्य आहे: "पोर्ट गेलाय रे, आता काही होत नाही." आमच्या विंगमध्ये सध्या जुन्या व्हिडिओ गेमचं वेड आलंय. कुणी मामाचा, कुणी थोरल्या भावाचा माळ्यावर पडलेला डबा दिवाळीच्या फराळाबरोबर घेऊन येतो. टीव्हीवर चित्र येतं, म्युझिक वाजतं, मारिओ ऐटीत उभा राहतो, पण रिमोटची कितीही बटणं दाबा, गडी जागचा हलत नाही. (आपल्याकडे त्याला रिमोटच म्हणतात. 'कंट्रोलर' हा शब्द पहिल्या सेमनंतर येतो.) मग चार जण डोकं खाजवतात, एक जण पोर्टमध्ये फुंकर मारतो आणि वरचं वाक्य ऐकू येतं. डबा भंगारात.

माझ्या मते हा नुसता निकाल झाला. निदान कुणी केलंच नाही!

आता थोडं आत डोकावू. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेले बहुतेक 'टीव्ही गेम' हे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला होते. मूळ फॅमिकॉमचे रिमोट डब्यालाच कायमचे जोडलेले असायचे. अमेरिकेत १९८५ मध्ये त्याचं एनईएस हे रूप आलं, त्याला सात पिनांचं सॉकेट होतं. आपल्याकडच्या नकलांना बऱ्याचदा नऊ पिनांचा डी कनेक्टर दिसतो. वरचा आकार बदलला, पण तारांमधून चालणारी बोली तीच राहिली.

आणि ती बोली आपल्याला येते! मूळ रिमोटमध्ये ४०२१ नावाचा आयसी आहे, म्हणजे आपला डिजिटलच्या लॅबमधला शिफ्ट रजिस्टर. (नकलांमध्ये त्याच्या जागी डांबरासारखा काळा ठिपका असतो, काम तेच.) डबा लॅचचा पल्स पाठवतो, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती रजिस्टरमध्ये अडकते. मग क्लॉकच्या ठोक्यावर एकेक बिट डेटाच्या तारेवरून डब्याकडे जातो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. म्हणजे ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा, एवढ्या पाच तारांत सगळा कारभार.

एवढं कळलं की स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच निम्मं निदान होतं. समजा फक्त उडीचं बटण चालत नाही. मग पोर्ट निर्दोष आहे. आठही बटणं एकाच डेटाच्या तारेवरून येतात, तेव्हा पोर्ट एकट्या बटणावर राग काढू शकत नाही. रिमोट उघडा, रबराखालचा कार्बन झिजलेला नाहीतर मळलेला सापडेल. समजा एकच पोर्ट मुका आहे. रिमोट दुसऱ्या पोर्टला लावून बघा. तिथे चालला, तर पहिल्या पोर्टच्या स्वतःच्या क्लॉक-डेटाच्या वाटेवर किंवा त्याच्या सोल्डरमध्ये गडबड आहे. दोन्ही पोर्ट मुके असतील तर संशय सामायिक गोष्टींवर जातो, म्हणजे लॅच, ५ व्होल्ट, ग्राउंड. रिमोट लावला आणि मारिओ अंगात आल्यासारखा वागायला लागला, तर क्लॉकची तार आधी तपासा, कारण बिट पुढे सरकतच नाहीत किंवा भलतेच सरकतात.

सेगाच्या मेगा ड्राइव्हचं शास्त्र वेगळं, हे इथेच सांगून ठेवतो. प्लग तसाच नऊ पिनांचा, पण तीन बटणांच्या रिमोटमध्ये ७४एचसी१५७ मल्टिप्लेक्सर असतो आणि चारही दिशांना स्वतंत्र तारा. त्यामुळे तिथे 'फक्त डावीकडे जात नाही' ही तक्रार खरोखर पोर्टच्या एका पिनची असू शकते. ए आणि स्टार्टचाच घोळ असेल नि बी, सी ठणठणीत असतील, तर सिलेक्टची तार, म्हणजे ७ नंबरची पिन बघायची. प्लग बसतो म्हणून याचा रिमोट त्याला लावू नका, ५ व्होल्टची पिन एकाच ठिकाणी असेल असं नाही. नकलांमध्ये तर पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. मल्टिमीटरने स्वतः बघणं हाच उपाय.

मग बिघडतं कुठे? माझ्या अनुभवात आयसी क्वचित, कनेक्टरचं सोल्डर नेहमी. कनेक्टर थेट बोर्डावर बसवलेला, बोर्ड एका बाजूने तांबं असलेला स्वस्त तपकिरी, आणि समोर वर्षानुवर्षं वायर ओढून खेळणारी पोरं! प्रत्येक हिसका सोल्डरवर. शेवटी पिनेभोवती केसाएवढी गोल चीर पडते. दुकानदार याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. भिंगातून दिसते, नाही दिसली तर वीज बंद करून मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक पिनेला, दुसरं त्याच वाटेवर पुढे, आणि कनेक्टर हळूच हलवा. बीप तुटली की चोर सापडला.

दुरुस्ती साधी आहे. फ्लक्स लावा, जुनं सोल्डर ओढून घ्या, नवीन भरा. साधारण ३५० अंश, एका पिनेवर दोन-तीन सेकंद, जास्त नाही. त्या तपकिरी बोर्डावरचं तांबं लगेच उचकटतं. उचकटलंच तर बारीक वायरने पुढच्या जागेपर्यंत जंपर टाका, दिसायला वाईट, चालायला उत्तम. वाकलेली पिन चिमट्याने सरळ होते. पिनांवरचा मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातो. फुंकर मात्र मारू नका, तोंडातला दमटपणा गंजाला खतपाणी घालतो. कनेक्टरच तुटला असेल तर तपकीर गल्लीत मेसच्या एका थाळीपेक्षा कमी पैशात मिळतो.

सगळंच वाचतं असा माझा दावा नाही. कमोडोर ६४ मध्ये (१९८२) जॉयस्टिकचे पोर्ट ६५२६ या आयसीशी जोडलेले आहेत. उघड्या पिनेला बोट लागलं, स्टॅटिकचा झटका बसला की तो आयसीच जातो. नकलांमधला काळा ठिपका मेला तर डब्याचा खेळ खलास. पण 'मेला' हे तपासून म्हणायचं असतं.

आता खरं दुखणं. शिफ्ट रजिस्टरचं टायमिंग डायग्रॅम आपण सगळ्यांनी जर्नलात काढलंय, सिनियरच्या जर्नलावरून. व्हायव्हात बोललोय. पण त्यातली एक तार तुटली तर काय दिसेल, हे कुणी कधी विचारलं? लॅबमधलं किट चाललं नाही तर दुसरं किट मिळतं. आठ सेमिस्टर झाली तरी एकही बिघाड स्वतः शोधला नाही, असा इंजिनिअर आपण आरामात होऊ शकतो. सोल्डरिंग म्हणाल तर फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधली एक दुपार.

म्हणून मागणी अशी: आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅब उघडी ठेवा. एक टेबल, दोन सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, एक ऑसिलोस्कोप, आणि लक्ष ठेवायला कुणीतरी सर. शिवाय टर्म वर्कमध्ये एक प्रयोग असा ठेवा की बिघडलेलं पोर्ट आणा आणि निदान लिहा. दुरुस्त नाही झालं तरी तर्काला मार्क मिळावेत.

रेक्टर सर रूमवर सोल्डरिंग करू देत नाहीत. बरोबरच आहे, गादीवर तापलेली गन आणि बंद खोलीत धूर, कोण परवानगी देईल? म्हणूनच लॅब. धोक्याचं म्हणाल तर या नकलांना बहुधा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर असतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत हात घालण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. "मोबाइलवर इम्युलेटर आहे की!" असं म्हणणाऱ्यांना विचारतो, खेळायला आहे, पण सोल्डर करायला काय आहे? आणि भंगाराचं म्हणाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे. तीस वर्षांपूर्वीच्या बिननावाच्या डब्याचा उत्पादक कुठे शोधणार?

विभागप्रमुखांना द्यायचा अर्ज माझ्याकडे आहे, सह्या करायला या. येताना माळ्यावरचे डबेही आणा. सध्या माझ्या कॉटखाली तीन आहेत. दोन चालू झाले, दोन्हींत ड्राय सोल्डर होतं. तिसऱ्याचे दोन्ही पोर्ट मुके आहेत. ५ व्होल्ट येतात, ग्राउंड ठीक आहे. राहिला लॅच. तो बघायला ऑसिलोस्कोप लागतो, ऑसिलोस्कोप लॅबमध्ये आहे, आणि साडेपाचनंतर लॅबला कुलूप आहे.