फुकट राबवून संशोधक घडत नाहीत!

"आजी, शंभरातून सात-सात वजा करत जा. आता एक वाक्य लिहा." स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत माझ्या आजीला हे विचारलं. अहो, ती शाळेची पायरीसुद्धा चढली नव्हती! मग आजार ओळखणार कसा?

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या बोलीत चाचण्या घडवायला, घरोघरी जाऊन तपासायला शिकलेली माणसं लागतात. मानसशास्त्र, बीएस्सी केलेली आपली पोरं रिकामी बसलीत. त्यांना "अनुभव मिळेल" म्हणून फुकट राबवू नका. ते फक्त खात्यापित्या घरच्यांनाच परवडतं. सरकारने दोन वर्षं विद्यावेतन देऊन त्यांना संशोधन शिकवावं. पुतळ्यांना पैसा मिळतो, याला का नाही? मतं मागायला येतील त्यांना विचाराच.