गायरानावरची सौरऊर्जा: वीज कोणाला, जमीन कोणाची?

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. सातारा-सांगलीच्या या दुष्काळी पट्ट्यात सौर प्रकल्पासाठी जमीन मागितली गेली की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, शेतीला दिवसा वीज मिळेल. दुसरा विचारतो, गायरान गेल्यावर शेळ्या-मेंढ्या चारायच्या कुठे? विरोध करणाऱ्यांना लगेच 'विकासविरोधी' ठरवले जाते. ते आम्हाला मान्य नाही.

सौरऊर्जेला आमचा विरोध नाही. रात्री-अपरात्री साप-बिबट्याच्या भीतीत पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना विजेचे धोरण बाबासाहेबांकडेच होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ती नफेखोरीचे साधन होऊ नये, हीच त्यांची दिशा होती. प्रश्न आहे तो या विजेची किंमत कोण मोजतो, हा.

2023 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये वीज उपकेंद्राजवळची जमीन लागते. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर. खासगी जमीन दिल्यास मालकाला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे मिळते. त्याच जमिनीवर राबणाऱ्या वाटेकऱ्याला आणि शेतमजुराला काहीच नाही. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते आणि ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षांत 15 लाखांचे अनुदान मिळते. तीन वर्षांनी अनुदान संपते, पण गायरान पुढची अनेक वर्षे कुंपणाआडच राहते.

दिवसाच्या विजेचा लाभ ज्याच्याकडे विहीर आणि मोटर आहे त्याला. गायरान जाते ते ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याचे: मेंढपाळाचे, भटक्यांचे आणि पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसून पोट भरणाऱ्या आपल्या माणसांचे.

ही जमीन फुकट मिळालेली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले. पुढे 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये झाला. तरी कितीतरी कुटुंबांची नावे आजही सातबाऱ्यावर लागलेली नाहीत. कागदावर ती 'अतिक्रमक' आहेत, आणि प्रकल्प आला की पहिला बडगा त्यांच्यावरच पडतो.

दादासाहेबांच्याच नावाच्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन बौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत देण्याची तरतूद आहे. अर्ज केला की उत्तर ठरलेले: जमीन उपलब्ध नाही. मग कंपनीसाठी ती कुठून उपलब्ध होते?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. 1991 च्या निर्णयाखालील प्रलंबित दावे निकाली निघेपर्यंत त्या गायरानाला हात लावू नये. ग्रामसभेत वस्तीवरची माणसे, विशेषतः महिला, हजर असल्याशिवाय ठराव करू नये. चराईसाठी पुरेसे क्षेत्र राखावे. शाळा, सरकारी इमारती आणि गोदामांची छपरे आधी वापरावीत. आणि ग्रामपंचायतीच्या अनुदानातला ठरावीक वाटा भूमिहीनांसाठी राखून ठेवावा.

कार्यकर्त्यांनी आजच तलाठी कार्यालयात जाऊन आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा काढावा, 1990 पूर्वीच्या कसणुकीचे पुरावे गोळा करावेत. कुंपण पडल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा आधी जमवलेला कागद अधिक उपयोगी पडतो.