बॅकरा : शिकायला सोपा, सुटायला कठीण

झोप लागत नाही म्हणून गेल्या पावसाळ्यात एक व्यापारी गृहस्थ माझ्याकडे आले. वय पस्तिशीचे. रक्तदाब थोडा वाढलेला, डोळे तारवटलेले. बाकी तपासणीत काही निघाले नाही. सोबत आलेल्या पत्नीने पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. पानेच्या पाने तांबड्या-निळ्या गोलांनी भरलेली. "डॉक्टरसाहेब, रात्रभर यांचा हाच अभ्यास चालतो," त्या म्हणाल्या. गृहस्थ ओशाळून म्हणाले, "मी नवखा आहे. अजून शिकतोय."

ते शिकत होते बॅकरा. पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर मित्रांबरोबर गेले असता त्यांनी हा पत्त्यांचा जुगार प्रथम पाहिला. त्यानंतर चार फेऱ्या झाल्या आणि पत्नीच्या बांगड्या गहाण पडल्या.

वाचकहो, हा खेळ शिकायला पाच मिनिटे पुरतात. 'प्लेअर' आणि 'बँकर' अशा दोन बाजू. प्रत्येक बाजूला दोन पत्ते. दश्शी, गुलाम, राणी, राजा यांची किंमत शून्य, एक्क्याची एक. बेरजेतला फक्त एकक धरायचा. सात आणि आठ म्हणजे पंधरा, धरायचे पाच. नऊच्या जवळची बाजू जिंकते. तिसरा पत्ता घ्यायचा की नाही हे नियमानेच ठरलेले असते. तुम्ही फक्त कोणत्या बाजूवर पैसे लावायचे एवढे ठरवता. मग त्या वहीत शिकायचे काय?

माझे स्पष्ट मत असे, की आजाराचे मूळ या 'शिकण्यात'च आहे. बँकर लागोपाठ सहा वेळा जिंकला, म्हणून आता प्लेअरची पाळी, असे मनाला वाटते. पत्त्यांना मागची आठवण नसते. तरीही कॅसिनोवाले नोंदी ठेवायला कागद-पेन्सिल आनंदाने देतात, यातच काय ते समजावे.

हिशेब पाहा. हजार डावांत बँकर सुमारे 459, प्लेअर 446 आणि बरोबरी 95 वेळा होते. बँकर जिंकल्यास सहसा 5 टक्के कापून घेतात. त्यामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे बँकरवर सरासरी 1 रुपया 6 पैसे, प्लेअरवर 1 रुपया 24 पैसे जातात. बरोबरीवर आठपट मिळतात खरे, पण शंभरामागे 14 रुपये जातात. रुपया-सव्वा रुपया किरकोळ वाटतो. मात्र पाचशेचा एक असे तासाला साठ डाव खेळले, तर तीस हजारांची उलाढाल होते. डाव भराभर संपतात, आणि हरलेले परत मिळवण्याची घाई माणसाला उठू देत नाही.

हा केवळ वाईट नाद नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन हा मानसिक विकार म्हणून नोंदलेला आहे. ताबा सुटणे, घर-धंद्यापेक्षा जुगार मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, ही त्याची लक्षणे. निद्रानाश, चिडचिड, खोटे बोलणे, लपवलेले कर्ज हे सोबत येतात. काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही येतात. ते कधीही हसण्यावारी नेऊ नयेत. कंपवाताच्या काही गोळ्यांनीही जुगाराची अनावर ओढ लागू शकते. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

घरच्यांनी काय करावे? शिव्याशाप देऊ नयेत, पण गुपचूप कर्जही फेडू नये. कर्ज फिटले की नवा डाव सुरू होतो. पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावेत आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे; समुपदेशनाने पुष्कळांना उतार पडतो. 14416 या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत सल्ला मिळतो.

त्या गृहस्थांचे उपचार चालू आहेत. गल्ला आता धाकटे बंधू पाहतात. मध्यंतरी एकदा पाऊल घसरले, पण ते त्यांनी स्वतःहून येऊन सांगितले. मी ती सुधारणाच मानतो. मित्रमंडळींबरोबर गोव्याला निघालेल्या तरुणांना माझे एवढेच सांगणे : समुद्र पाहा, मासे खा. हा खेळ मात्र न शिकलेलाच बरा.